फर्माला चकवणारी संख्या

दोनाचा बत्तिसावा घात घ्या आणि त्यात एक मिळवा. येतात ४,२९,४९,६७,२९७. आजचा सगळा वेळ मी या एकाच संख्येला देणार आहे.

सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ फर्माची खात्री होती की ही मूळसंख्या आहे. त्याला आधारही होता. दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन एक मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ! मग बत्तिसाव्या घाताने तरी का दगा द्यावा? पण दिला. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो ६७,००,४१७.

६४१ सापडला कसा? ऑयलरला कळलं होतं की या संख्येचा प्रत्येक मूळ भाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असणार. अशा मूळसंख्या ओळीने लिहा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते. पुढे १८७८ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ६४ च्या जागी १२८ आणले. मग उरतात फक्त २५७ आणि ६४१. त्यातली २५७ ही स्वतःच याच कुळातली, आणि या कुळातल्या कोणत्याही दोन संख्यांना एकाखेरीज सामाईक भाजक नसतो. म्हणजे करून पाहायचा भागाकार एकच!

खरं तर तोही नको. ६४० म्हणजे पाच गुणिले दोनाचा सातवा घात. ६४१ ने भागताना ६४० च्या जागी उणे एक धरता येतो. त्याचा चौथा घात केला की एका बाजूला ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात, दुसऱ्या बाजूला एक. आता ६२५ म्हणजे ६४१ उणे १६, म्हणून ६२५ च्या जागी उणे १६, म्हणजेच उणे दोनाचा चौथा घात ठेवा. चार आणि अठ्ठावीस मिळून बत्तीस. दोनाच्या बत्तिसाव्या घाताची जागा उणे एकाने घेतली, त्यात एक मिळवला की बाकी शून्य. मला हे ऑयलरच्या शोधाहूनही देखणं वाटतं.

मूळसंख्या ओळखायची फर्माच्याच नावाची एक कसोटी आहे: एक आधारसंख्या घ्या, तपासायच्या संख्येतून एक वजा करून येईल तितका तिचा घात करा आणि त्या संख्येने भागा; बाकी एक उरली तर संख्या पास. गंमत अशी की आधार दोन धरून ही कसोटी लावली तर आपली संख्या बिनबोभाट पास होते. आधार तीन घेतला की मात्र पितळ उघडं पडतं.

या संख्येतून दोन वजा केले तर उरतो त्या पाच मूळसंख्यांचा गुणाकार: ४,२९,४९,६७,२९५. गाउस या जर्मन गणितज्ञाने १७९६ मध्ये सतरा बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपासने काढता येतो हे सिद्ध केलं, आणि त्याच विचाराने ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचाही काढता येतो. कागद कुठून आणायचा, ते विचारू नका. विषम बाजूंचा, याहून मोठा आणि असा काढता येणारा बहुभुज आजवर कोणाला माहीत नाही, कारण त्यासाठी फर्माच्या कुळातली सहावी मूळसंख्या लागेल, आणि ती कोणालाच सापडलेली नाही.