मँचेस्टरच्या विटा, परळचे कागद

(गिरणगावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. संयोजकांनी विषय दिलाय 'माझं मँचेस्टर, पुन्हा एकदा'. मागच्या रांगेत तरुण मंडळी दिसतायत. फुटबॉलवर काही ऐकायला मिळेल म्हणून कुणी आलं असेल, तर दार उघडं आहे. मी कापसावर बोलणार आहे, आणि कापूस म्हटला की परळ-लालबाग आलंच.

मी तिथे गेलो १९८३च्या सप्टेंबरात. तेव्हा इथे काय चाललं होतं, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरण्यांचा संप, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. माझे वडील साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते. घरात पगार बंद, गावाहून तांदूळ येतोय त्यावर चूल चाललेली, आणि थोरला मुलगा शिष्यवृत्ती घेऊन निघालाय विलायतेला. शिकायला काय, तर सूत! शेजारचे काका म्हणाले, "अरे, त्यासाठी एवढ्या लांब कशाला? आता गिरण्यांचे वॉचमनसुद्धा मोकळेच बसलेत, ते शिकवतील."

मी ज्या संस्थेत शिकलो तिला सगळे यूमिस्ट म्हणत. कारागिरांना विज्ञान शिकवावं म्हणून १८२४ साली मँचेस्टरमध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली, तिचंच हे पुढचं रूप. आमच्या वर्गात इजिप्तचा मुलगा होता, तुर्कस्तानचा होता, पाकिस्तानातल्या फैसलाबादचा होता. लँकेशायरचा मात्र शोधावा लागे. अहमदाबाद हे पूर्वेचं मँचेस्टर, फैसलाबाद पाकिस्तानचं, इचलकरंजी महाराष्ट्राचं. या सगळ्या मँचेस्टरांत धडाधड कापड निघत होतं, आणि खऱ्या मँचेस्टरात ते जवळजवळ थांबलं होतं. तिथल्या सरकारने १९५९ साली कायदा करून गिरणीमालकांना चात्या आणि माग मोडीत काढायला चक्क पैसे दिले होते. धंदा गेला, पण धंद्याचं शास्त्र शिकवणारे प्राध्यापक उरले, आणि ते उत्तम शिकवत. धाग्याला पीळ किती द्यावा, दमट हवेत सूत कमी का तुटतं, हे मी तिथे शिकलो. वडिलांना यातलं बरंचसं हाताने माहीत होतं. त्याचं गणित मात्र माझ्याकडे आलं.

शहर त्या काळी फार उदास होतं. सेंट्रल स्टेशन नावाचं एक प्रचंड कमानीचं रेल्वे स्टेशन १९६९ साली बंद झालेलं, आणि पुढे कित्येक वर्षं त्या कमानीखाली लोक गाड्या लावत. आपल्या सीएसएमटीत पे-अँड-पार्क सुरू झालं तर कसं दिसेल, तसं ते दिसे. अँकोट्स भागात कालव्याच्या काठाने गिरण्यांच्या ओळी होत्या. काचा फुटलेल्या, पन्हळीतून झुडपं उगवलेली. संध्याकाळी तिकडून कुणी एकटं जात नसे. मी जायचो, कारण मला ते ओळखीचं वाटे. फरक इतकाच की तिथे भोंगा कधी वाजायचा, हे सांगणारं कुणी रस्त्यावर भेटत नसे.

आता मधली वर्षं गाळतो. नोकरी, प्रयोगशाळा, निवृत्ती, त्यात ऐकण्यासारखं फारसं नाही. पुतण्याचा पदवीदान समारंभ होता म्हणून परवा आम्ही दोघं तिकडे गेलो. तो शिकला मँचेस्टर विद्यापीठात. २००४ साली यूमिस्ट त्याच विद्यापीठात विलीन झाली, त्यामुळे माझ्या पदवीपत्रावरचं नाव आता कुठल्याच दारावर नाही. सॅकव्हिल स्ट्रीटवरची जुनी भव्य इमारत जागेवर आहे. आसपासच्या आवाराचा मात्र पुनर्विकास निघालाय. पुनर्विकास म्हटल्यावर आपल्या पोटात गोळा येतो, हे तिथल्या लोकांना समजावून सांगणं कठीण.

पुतण्या राहतो अँकोट्समध्ये. हो, त्याच अँकोट्समध्ये. मरे बंधूंच्या वाफेवर चालणाऱ्या गिरण्या तिथे आहेत. त्यातली पहिली १७९८ सालची. आता त्या सगळ्यांत फ्लॅट झालेत. बिडाचे जुने खांब शोभेसाठी उघडे ठेवलेत, खाली कॉफीची दुकानं. आमच्या सौंनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बघा, यांनी किती जपलंय. आपल्याकडे सगळं पाडलं."

हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल, पण मला ते पटत नाही. मँचेस्टरकरांना इतिहासाचं प्रेम आहे आणि आपल्याला नाही, असं काही नाही. या गिरण्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या, कारण ती जागा कुणाला नकोच होती. पाडायलाही पैसे लागतात. जागा विकून ते सुटणार नसतील तर इमारत आपोआप उभी राहते. संवर्धनाचे नियम आले, निधी आला, हौशी लोक आले, हे सगळं खरं. पण ते येईपर्यंत विटा जागेवर राहिल्या त्या जमीन स्वस्त होती म्हणून. तरीही कितीतरी गिरण्या पडल्या, जळाल्या.

इथे उलट झालं. इथली गिरणी बंद पडण्याआधीच तिच्याखालच्या जमिनीचा भाव फुटला होता. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ आठवतो ना? ढोबळमानाने सांगायचं तर गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची, बांधकामाखालची जमीन त्यातून वगळली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. सुमारे ६०० एकरांचा हिशेब होता तो. त्यातून शहराच्या वाट्याला काय आलं, ते लोअर परळच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभं राहून बघा. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघायला २०१२ साल उजाडलं.

आणि कापसाचा पैसा जमिनीत घालायची मुंबईची ही खोड आजची नाही. माझ्या विद्यार्थिदशेत मँचेस्टरच्या प्लॅट फील्ड्स बागेत अब्राहम लिंकनचा पुतळा होता. १९८६ साली तो शहराच्या मध्यभागी हलवला, यावेळी मी तो तिथे पाहिला. लिंकनचा तिथे काय संबंध? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरचा कापूस बंद झाला. गिरण्या थांबल्या, कामगार उपाशी. तरी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लिंकनला पाठिंबा कळवला. जानेवारी १८६३ मध्ये त्याने त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. तोच हा पुतळा.

नेमकी तीच वर्षं मुंबईच्या भरभराटीची. अमेरिकेचा कापूस नाही म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तिकडचे कामगार आपल्या कापसाला शिव्या घालत, कारण तो आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा, आणि मजुरी कामावर ठरलेली. इथे मात्र पैशाचा पूर. तो गेला कुठे? बॅक बेच्या भरणीच्या शेअरांत, म्हणजे समुद्रातून अजून वर न आलेल्या जमिनीत! १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, भले भले बुडाले, खुद्द कापसाचे बडे दलाल प्रेमचंद रायचंदसुद्धा. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर तेवढा आपल्याकडे राहिला.

तेव्हा विटांची तुलना सोडा. ती स्पर्धा आपण भावातच हरलो होतो. शिवाय अँकोट्सच्या त्या सुंदर फ्लॅटांचं भाडं जुन्या कामगाराच्या नातवाला परवडतं, असंही नाही. पुतण्याला विचारलं, शेजारी कोण? म्हणाला, सगळे आयटीवाले.

मला हेवा वाटला तो दुसऱ्याच एका गोष्टीचा. नदीपलीकडे सॅलफर्डमध्ये कामगार चळवळीचं एक ग्रंथालय आहे. रूथ आणि एडी फ्रो नावाच्या जोडप्याने ते सुरू केलं. ती शिक्षिका, तो इंजिनीअरिंग कारखान्यातला कामगार. सुट्टीत हे दोघं देशभर हिंडून जुनी पुस्तकं, संघटनांची पत्रकं गोळा करत. त्यांचं घर होतं ओल्ड ट्रॅफर्डला. सचिनने पहिलं कसोटी शतक ठोकलं तेच ओल्ड ट्रॅफर्ड. खोल्या भरल्या, जिने भरले, आणि शेवटी १९८७ साली सॅलफर्डच्या पालिकेने या संग्रहाला एक इमारत दिली. आज कुणीही आत जाऊन संघटनेचा जुना कागद मागू शकतो. यासाठी जमिनीचा भाव पडावा लागला नाही.

मँचेस्टरजवळ स्टायलच्या क्वारी बँक गिरणीतही गेलो. १७८४ची गिरणी, आता संग्रहालय आहे. पाहुण्यांसाठी तिथे जुने माग चालवून दाखवतात. सुरू झाल्यावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं ऐकू येईना. लँकेशायरच्या बायका या गोंगाटात ओठ हलवून आणि हातवारे करून बोलत, त्याची नोंद तिकडे करून ठेवलीय. आमचे वडील घरातही मोठ्याने बोलत आणि लांबच्या माणसाला भुवईने प्रश्न विचारत. आम्ही तो त्यांचा स्वभाव समजत होतो. साचे खात्यातल्या या खुणांची नोंद करून ठेवलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. आपल्याकडेही अभ्यासकांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्यात, ते काम मोलाचं आहे. पण ज्यांना हे सांगता येईल ते आता ऐंशीच्या पुढे आहेत.

तर व्याख्यान इथे संपलं, आता थोडी कामाची गोष्ट. या वाचनालयाने आतल्या खोलीतलं एक लोखंडी कपाट द्यायचं कबूल केलंय. ज्यांच्या घरी वडिलांचा बदलीचा पास, हजेरीचं कार्ड, पगाराची पावती, युनियनचं पत्रक, खानावळीची वही असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळी घेऊन यावं. मूळ कागद द्यायची गरज नाही, इथे स्कॅन करून परत देऊ. ज्यांची आई वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती त्यांनी आईलाच घेऊन या. जिना चढवत नसेल तर आम्ही रेकॉर्डर घेऊन घरी येतो. मालवणीत सांगितलं तरी चालेल, घाटावरच्या बोलीतही चालेल. नावं आणि फोन नंबर दारापाशी वही ठेवलीय तिच्यात लिहा.