देव बदलले, मांडव राहिला

[दृश्य: मंडपेश्वर लेणी, बोरिवली. खांब, नटराज, मग दगडात कोरलेला क्रूस.]

बोरिवलीत, आयसी कॉलनीच्या शेजारी, वाहत्या रस्त्याला लागूनच मंडपेश्वरचं लेणं आहे. साधारण सहाव्या शतकातलं, शैव. आत नटराज आहे, आणि शिवलिंगावर आजही बेल वाहिला जातो. आणि त्याच लेण्याच्या एका भिंतीवर हा मोठा क्रूस. आधीचं शिल्प तासून काढून कोरलेला. वर, लेण्याच्या माथ्यावर, फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या मठाच्या पडक्या भिंती.

मिशनऱ्यांनी इथल्या संस्कृतीचं काय केलं, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. एक तलवारीचं, दुसरं सेवेचं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही फिरतात. खाली गावठाणात जाऊन कुणी फारसं विचारत नाही.

[दृश्य: वसईचा किल्ला, खाडी, होड्या.]

1534 साली हुमायूनच्या भीतीने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन आले. त्यांच्यातला आंतोनियो दो पोर्तो हा पाद्री माहीमपासून मंडपेश्वरपर्यंत चर्च उभारत गेला. मग जेझुइट पंथाचे पाद्री आले. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज त्यांचंच, 1575 सालचं.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं, असं म्हणता येणार नाही. देवळं पाडली गेली, त्यांची उत्पन्नं चर्चकडे वळली. ज्याची सत्ता त्याचा देव, असा तो काळ. पण इथलं धर्मांतर एकेकट्या माणसाचं फारसं नव्हतं. पाडेच्या पाडे, आळ्याच्या आळ्या एकदम ख्रिस्ती झाल्या. आणि पूर्ण आळीच गेल्यामुळे आळीचे रिवाजही तिच्यासोबत गेले. कोळी कोळीच राहिला, भंडारी भंडारीच. एकाच वेदीपुढे गुडघे टेकायचे, पण सोयरीक करायची आपल्यातच. जात मोडायला मिशनरी आले, असं जे म्हणतात, त्यांनी वसईतल्या जुन्या सोयरिकी तपासाव्यात.

[दृश्य: गावठाणातलं लग्नघर. लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर घागरी, पुढे ब्रास बँड.]

हे पाहा. लग्नाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. नवरीकडच्या बायका नऊवारी लुगडी नेसून, वाजतगाजत विहिरीवर निघाल्यात. हे उंबराचं पाणी. विहिरीतून घागर भरायची, घरी आणायची आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. न्हाण्याआधी अंगाला नारळाचं दूध चोळतात, तो रोस. मांडवाला उंबराची फांदी. गाणी मराठीत. फरक एवढाच, की गळ्यात काळी पोत नाही, क्रूस आहे, आणि दुसऱ्या दिवशी लग्न चर्चमध्ये लागणार आहे.

शेजारच्या आगरी वाड्यात हेच लग्न असतं तर ओळखता आलं असतं का? मांडवापर्यंत तरी नाही.

आता यातली गंमत बघा. 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्म सोडून वागणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, एक फर्मान काढलं. ख्रिस्ती झालेल्यांनी काय करायचं नाही, याची ती लांबलचक यादी. लग्नात गाणी म्हणायची नाहीत. विड्याची पानं, सुपारी, फुलं पाठवायची नाहीत. नवरा-नवरीला हळद, नारळाचं दूध, तेल लावायचं नाही. दारात तुळस नको. बिनमिठाचा भात नको. बायकांना चोळी आणि पुरुषांना धोतर नको. म्हणजे पाद्र्यांना नेमकं कळलं होतं, की देव चर्चमध्ये बदलतो, पण जुना माणूस मांडवात आणि चुलीपाशी तग धरून असतो.

तीनच वर्षांनी, 1739 साली, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी लूट म्हणून नेल्या. त्यातली एक आजही नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेली आहे. युरोपियन पाद्री निघून गेले, चर्च देशी पाद्र्यांच्या हाती आली. गावकरी मात्र ख्रिस्तीच राहिले. पेशव्यांच्या राज्यातही त्यांनी मागे वळायचं मनावर घेतलं नाही. गोव्यात ज्या धाकाने माणसं पिचली, तो धाक इथे उठला, आणि माजघरातल्या बायका आपल्या पद्धतीने लग्नं लावत राहिल्या. मला वाटतं, साष्टीच्या, म्हणजे वांद्रे-बोरिवलीच्या या बेटावरच्या, गावांचा खरा इतिहास या बायकांनी घडवला. त्यांचं नाव कुठल्याच कागदात नाही.

[दृश्य: मे महिना, अंगणात चटईवर वाळत घातलेल्या मिरच्या.]

पोर्तुगीजांचं उरलं ते ताटात. मिरची त्यांच्याच जहाजातून आली. आज ती घराघरात बाटली मसाल्यात जाते. उन्हाळ्यात मिरच्या आणि खडे मसाले उन्हात वाळवायचे, भाजायचे, आणि उखळात मुसळाने कुटायचे. खोकल्याने गल्लीत उभं राहता येत नाही. मग तो मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा, म्हणजे ऊन लागत नाही, वर्षभर टिकतो.

[दृश्य: गिरगाव चौपाटी.]

इंग्रजांच्या मुंबईत दुसऱ्या तऱ्हेचे मिशनरी आले. 1813 साली अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल उतरले, 1829 साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन. यांच्याकडे तोफा नव्हत्या, छापखाना आणि शाळा होत्या. मुलींची शाळा तर अमेरिकन मिशनने 1824 सालीच काढली. त्यांचा रोख होता शिकल्यासवरलेल्यांवर, आणि उत्तरही तिथूनच आलं. 1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर बसून पाद्र्यांशी जाहीर वाद घालत होते. गावठाणातल्या कोळणीला या वादाचं काही पडलेलं नव्हतं. तिचा बाजार वेगळा.

[दृश्य: वांद्रे, मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा. मेणाचे हात, पाय, घरं.]

तिच्या पोरांना खरा धक्का दिला तो नोकरीने. रेल्वेत आणि कचेऱ्यांत गोव्याचे, मंगळूरचे ख्रिस्ती भरभरून येऊ लागले. सरकारदरबारी वेगळं दिसावं म्हणून 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवात, इथल्या ख्रिस्ती मंडळींनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. इथली माती, पण नाव एका परदेशी कंपनीचं! मग इंग्रजी शाळा, इंग्रजी प्रार्थना. वांद्र्यात, माझगावात मराठी हळूहळू आजीपुरती उरली. इन्क्विझिशनच्या फर्मानाला जे जमलं नाही, ते कारकुनीने दोन-तीन पिढ्यांत केलं.

वसईत आणि उत्तनसारख्या कोळीवाड्यांत तसं झालं नाही. तिथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होतो. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा 'पाद्री कसा चालेल' म्हणून ओरड झाली होती. ओरडणाऱ्यांना वसईत मराठी किती जुनी आहे, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

[दृश्य: पुन्हा गावठाण. मागे टॉवरची क्रेन.]

गावठाणातल्या तरुण जोडप्यांना आता उंबराचं पाणी हवंय, हौसेने. लुगडं भाड्याने मिळतं, बँडही मिळतो. अडतं ते गाण्यांवर. ती पाठ असलेल्या बायका सत्तरीच्या पुढच्या. त्यामुळे लग्नाच्या यादीत हॉल आणि कॅटररच्या खाली एक नवी ओळ आली आहे: 'गाणाऱ्या मावश्या', आणि त्यासाठी मनोरी-गोराईला ओळखीत कुणाला तरी फोन करावा लागतो.