उतार उजेडात, चढ अंधारात

नमस्कार, श्रोतेहो. संध्याकाळी चार मित्रांनी सायकली काढायच्या, गावात एक फेरी मारायची, याला तयारी ती काय लागते? सपाटीवरच्या गावात फारशी नाही. कोकणात मात्र चढउतार आणि खारी हवा, दोन्ही सांभाळावी लागतात.

रत्नागिरीचंच घ्या. मारुती मंदिराकडून मांडवीला जायचं म्हणजे उतरायचं. हा उतार उजेडातच उरका. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, तेव्हा पाचला निघालेलं बरं. परतीचा चढ अंधारात झाला तरी चालतो, कारण चढावर वेग नसतो. दम लागला तर उतरून सायकल ढकलावी, त्यात लाज कसली? वारा समुद्रावरून येतो, जाताना तोंडावर, येताना पाठीशी.

उतारावर दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, सोडायचे. नुसता पुढचा करकचून दाबलात, तर वळणावर सांडलेल्या बारीक खडीवर चाक सरकतं. निघण्यापूर्वीच ब्रेक दाबून बघा. दांडा मुठीला टेकला, तर वायर ढिली किंवा रबर झिजलेलं. दाबलेला दांडा परत येत नसेल, तर बहुधा केबलमध्ये गंज. थेंबभर तेलाने भागलं नाही की वायर सरळ बदला.

हवेचा कमाल आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. त्याच्या थोडी खाली भरा. हवा कमी असली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. एकच बुजवलंत, तर चाक पुन्हा बसणार.

आळीत एकामागे एक चला. सावकाश चालवणारा पुढे, पंप-पाने असलेला शेवटी. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. दिवेलागणीनंतर गुरं कोमट डांबरावर येऊन बसतात, आणि काळी म्हैस अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही!

ओहोटीला भाट्याची पुळण घट्ट असते, सायकल घालायचा मोह होतो. नको. खारं पाणी चाकाच्या बेअरिंगपर्यंत शिरतं. गेलातच, तर घरी येऊन बादलीभर गोडं पाणी ओता, कपड्याने पुसा. मग पेडल उलटं फिरवत चेनच्या प्रत्येक सांध्यावर थेंबभर मशीनचं तेल सोडा आणि वरचं जास्तीचं पुसून काढा, नाहीतर त्यावर वाळू बसून दाते झिजतात. खोबरेल मात्र नको, थंडीत ते थिजतं.