विझलेला सेगमेंट विझलेलाच राहावा म्हणून

नमस्कार. जुन्या इलेक्ट्रोल्युमिनेसंट (थोडक्यात ईएल), म्हणजे विद्युतक्षेत्रात उजळणाऱ्या, आकड्यांचं घड्याळ करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, हे आकडे पेटवायचे कसे? ते अवघड नाही. अवघड आहे ते विझवणं. आकडा बहुधा सात पट्ट्यांचा, म्हणजे सेगमेंटचा, बनतो. अंधारात ‘१’ दाखवताना उरलेले पाच सेगमेंट फिकट हिरवे दिसत असतील, तर घड्याळ अजून व्हायचंय असं समजा. आज बराच वेळ मी यावरच बोलणार आहे.

आधी काचेच्या आत काय आहे ते पाहू. पुढच्या काचेवर पारदर्शक वाहक थर असतो, तो सगळ्या सेगमेंटना सामाईक, म्हणून त्याला कॉमन म्हणू. त्यामागे तांबं मिसळलेल्या झिंक सल्फाइडची भुकटी, तिच्यामागे इन्सुलेशनचा थर, बहुधा बेरियम टायटेनेटचा, आणि सर्वांत मागे सेगमेंटच्या आकाराचे धातूचे तुकडे. अशी भुकटी विद्युतक्षेत्रात प्रकाश देते हे फ्रान्समध्ये जॉर्ज देस्त्रियो यांनी १९३६ साली दाखवलं. तापणारी तार नाही, वायू नाही. प्रत्येक सेगमेंट म्हणजे निव्वळ एक कपॅसिटर, आणि त्यावरच्या व्होल्टेजची दिशा पालटते तेव्हा तो उजळतो. म्हणून त्याला दिशा पालटत राहणारा एसी लागतो. एकाच दिशेचा डीसी दिला तर प्रकाश मिळत नाहीच, उलट आत ओल शिरलेली असेल तर इलेक्ट्रोड खाल्ला जातो.

अपोलो यानातल्या संगणकाच्या डीएसकेवाय, म्हणजे आकडे आणि बटणांच्या, पॅनेलवर असेच आकडे होते. त्यांना २५० व्होल्ट, ८०० हर्ट्झ दिले जात आणि सेगमेंट रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या यांत्रिक स्विचने, जोडले जात. घड्याळासाठीही साधारण २०० व्होल्ट आणि ४०० ते ८०० हर्ट्झ हा पल्ला चांगला. घरातला ५० हर्ट्झचा पुरवठा थेट जोडायचा मोह कुणालाही होऊ नये. एक तर जिवाला धोका, आणि प्रकाश जवळपास फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे आकडे मंदच दिसतात.

आता विझवण्याकडे येऊ. भुकटीच्या ईएलला ठाम उंबरठा नसतो. कमी व्होल्टेजवरही तो थोडा उजळतोच, त्यामुळे एलईडीसारखं मल्टिप्लेक्सिंग, म्हणजे त्याच तारा आळीपाळीने अनेक आकड्यांसाठी वापरणं, इथे चालत नाही. प्रत्येक सेगमेंटला स्वतःची तार हवी. आणि ती तार नुसती मोकळी सोडूनही भागत नाही, कारण शेजारच्या पेटलेल्या सेगमेंटमधून आणि तारांमधून कपॅसिटन्सच्या वाटेने तिच्यावर व्होल्टेज चढतं. विझलेला सेगमेंट कॉमनलाच बांधला गेला पाहिजे.

मग स्विच कोणता घ्यायचा? एसी चालू-बंद करणारा ट्रायक हा इलेक्ट्रॉनिक स्विच चालत नाही. शंभर पिकोफॅरडच्या सेगमेंटमधून २०० व्होल्ट, ८०० हर्ट्झला जेमतेम ०.१ मिलिअँपिअर वाहतो. नेहमीच्या ट्रायकला चालू राहायला याच्या कितीतरी पट करंट लागतो. फोटोमॉस, म्हणजे प्रकाशाने चालणारा इलेक्ट्रॉनिक, रिले चालू होतो, पण बंद असताना त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स आडवा येतो. तो ५० पिकोफॅरड धरला, तरी एकतृतीयांश व्होल्टेज सेगमेंटवर येतं. चेंजओव्हर संपर्काचा, म्हणजे तार एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जोडणारा, यांत्रिक रिले मात्र अचूक काम करतो. सेकंदासह सहा आकड्यांना असे ४२ रिले लागतात. जागा आणि टकटक चालणार असेल तर जरूर करा.

मला सगळ्यांत पटलेला मार्ग एचव्ही५०७ या चिपचा. हिला ३०० व्होल्टपर्यंत चालणारे ६४ पुश-पुल आउटपुट आहेत, म्हणजे प्रत्येक आउटपुट वरच्या किंवा खालच्या व्होल्टेजला ओढला जातो, आणि डेटा कंट्रोलरकडून, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपकडून, एकामागोमाग एक बिट असा जातो. सहा आकड्यांचे ४२, दोन ठिपक्यांचे २, उरले २०. हे वीसही एकत्र जोडून कॉमनला द्या. चिपच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आउटपुटची स्थिती साठवणाऱ्या जागेत, पेटवायच्या सेगमेंटना १ लिहा. विझलेल्यांना आणि कॉमनच्या विसांना ०. मग पोलॅरिटीची, म्हणजे सगळे आउटपुट उलटवणारी, पिन सेकंदाला १६०० वेळा उलटवत राहा. म्हणजे ८०० हर्ट्झ मिळतात. पेटलेला सेगमेंट कॉमनच्या विरुद्ध नाचतो, विझलेला कॉमनच्या बरोबर, म्हणून त्याच्यावर व्होल्टेज उरतच नाही. दोनशे व्होल्टच्या डीसीतून सेगमेंटला अधिक-उणे २०० व्होल्ट मिळतात. ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फार सुंदर मांडणी आहे ही.

कॉमनला वीस आउटपुट कशाला? शंभर पिकोफॅरडचे तीस सेगमेंट पेटले की तीन नॅनोफॅरड झाले, आणि त्यांना ४०० व्होल्टने पालटायचंय. एका आउटपुटमधून एक मिलिअँपिअर धरला तर १.२ मिलिसेकंद लागतील, आणि आपला अर्धा फेरा आहे ०.६२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे लाट पुरी होण्याआधीच उलटेल. विसांनी हेच काम ६० मायक्रोसेकंदांत होतं. पुरवठ्यातून सरासरी दोन मिलिअँपिअरच्या आत जातात, त्यामुळे निक्सी ट्यूबसाठी, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या जुन्या वायूच्या नळ्यांसाठी, मिळतो तो १२ व्होल्टवरून २०० व्होल्ट करणारा बूस्ट मॉड्यूल पुरतो. त्याच्या आउटपुटला एक मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लावा. सिरॅमिक नको, तो गुणगुणतो. ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागोमाग जोडून ती जोडी या कपॅसिटरला समांतर लावा, म्हणजे बंद केल्यावर पाचेक सेकंदांत व्होल्टेज उतरतं. तरी हात लावण्याआधी मीटरने मोजाच.

दोन चुका इथे नेहमी होतात. पहिली, पोलॅरिटीची पिन प्रोग्रॅममधल्या डिलेने हलवणं. दोन अर्ध्यांचं प्रमाण ५१ आणि ४९ झालं तरी सेगमेंटवर कायमचा चार व्होल्ट डीसी बसतो. हे काम हार्डवेअर टायमरलाच द्या. दुसरी, कंट्रोलर अडकला आणि पोलॅरिटी उलटायची थांबली तर सेगमेंटवर डीसी बसून राहील, याचा विचारच नसणं. ब्लँकिंगची, म्हणजे सगळं विझवणारी, पिन १० किलोओहमने ग्राउंडला ओढून ठेवा. कंट्रोलर रीसेट झाला की सगळे आउटपुट एकाच पातळीवर येतात. चालू असतानाच प्रोग्रॅम अडकला तर वॉचडॉगने, म्हणजे कंट्रोलरवर नजर ठेवणाऱ्या टायमरने, तो रीसेट व्हायला हवा. चिपला आधी पाच व्होल्ट, मग इनपुट ठरलेल्या स्थितीत, आणि शेवटी २०० व्होल्ट. बंद करताना उलट क्रम. कंट्रोलर ३.३ व्होल्टचा असेल तर त्याचे सिग्नल या चिपला पुरत नाहीत, मध्ये ७४एचसीटी५४१ ही सिग्नलची पातळी वाढवणारी चिप घाला. वेळेसाठी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप घेतलीत तर खोलीच्या तापमानात वर्षाला साधारण मिनिटाचा फरक पडतो.

हाती आलेला जुना डिस्प्ले लगेच जोडू नका. कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरने पिना ओळखता येतात. कॉमन आणि सेगमेंटमध्ये पूर्ण कपॅसिटन्स दिसतो, सारख्या आकाराच्या दोन सेगमेंटमध्ये साधारण निम्मा. सेगमेंट सातच असतील असंही धरून चालू नका. मग १०० किलोओहम सिरीजमध्ये ठेवून ६० ते ८० व्होल्टपासून हळूहळू चढा. काळे ठिपके म्हणजे ओल शिरल्याच्या खुणा. थोडे असतील तर चालतं. नारिंगी ठिणगी चमकली तर तिथेच थांबा, तो थर फुटतोय. पिनांना सोल्डरिंगची उष्णता दिली तर काचेजवळचं सील तडकतं, म्हणून सॉकेट वापरा. सोल्डरिंगनंतर बोर्डावर उरलेला फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरायला मदत करणारा पदार्थ, दमट हवेत २०० व्होल्ट गळू देतो, तो साफ करा, पण द्रावण डिस्प्लेच्या कडेला लागता कामा नये.

चालू झाल्यावर बारीक गुणगुण ऐकू येईल. इन्सुलेशनचा थरच थरथरत असतो. डिस्प्ले मऊ रबरावर बसवा आणि फ्रिक्वेन्सी ४०० करून पाहा.

झीज मात्र टळत नाही. भुकटी जितके तास पेटते तितकी मंदावत जाते, आणि व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी वाढवली की लवकर. ही झीज सगळीकडे सारखीही होत नाही. उजवीकडचा खालचा सेगमेंट दोन सोडून सगळ्या आकड्यांत पेटतो, डावीकडचा खालचा फक्त शून्य, दोन, सहा आणि आठमध्ये. काही काळाने हा फरक डोळ्यांना दिसू लागतो. म्हणून सेकंदांचे दोन आकडे गाळून चारच लावावेत असं माझं मत आहे. ते सुटे ठेवले तर पुढे बदलायला कामी येतात. उजेड कमी करायचा असेल तर पूर्ण फेरेच गाळा, आठांपैकी तीन चालू, पाच ब्लँक, म्हणजे डीसी उरत नाही आणि लुकलुकही दिसत नाही. खोलीत कुणी नसेल तेव्हा हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरने ब्लँकिंगची पिन खाली ओढा आणि बूस्ट मॉड्यूलही बंद करा.