इग्वासूचा धबधबा, पायी आणि सावकाश

नमस्कार श्रोतेहो! आज धबधब्याबद्दल बोलायचंय, आणि तो जरा लांबचा आहे, थेट दक्षिण अमेरिकेतला, अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या हद्दीवरचा. इग्वासू. फोटो बहुतेकांनी बघितलेले असतील, पण मला सांगायचंय ते तिथे गाईडबरोबर पायी फिरण्याबद्दल, कारण माझं अगदी ठाम मत झालंय की हा धबधबा बोटीत बसून भिजल्याने किंवा हेलिकॉप्टरमधून वरून बघितल्याने कळत नाही, तो चालूनच कळतो, आणि चालताना बरोबर तिथल्या मातीतलं कुणीतरी हवं.

पहिली गोष्ट म्हणजे हा एक धबधबा नाहीच. नदी एका लांबलचक कड्यावरून साधारण २.७ किलोमीटर रुंदीत खाली येते, मध्ये बेटं आहेत, झाडी आहे, कातळ आहेत, त्यामुळे तिचे तुकडे होतात. साधारण २७५ धारा असं सांगतात, पण पाणी वाढलं की शेजारच्या दोन-तीन धारा मिळून एक होते आणि पाणी उतरलं की परत वेगळ्या होतात, म्हणजे आकडा कायमचा नाही. सगळ्यात उंच जागी ८० मीटरच्या आसपास उडी आहे, नायगारापेक्षा बरीच जास्त. एवढा पसारा एका ठिकाणी उभं राहून दिसत नाही, आणि म्हणून अर्जेंटिनाच्या बाजूला जंगलातून, कड्याच्या पायथ्याने, कड्याच्या माथ्यावरून आणि शेवटी चक्क नदीवरून अशा वाटा काढल्यात.

पार्कचं गेट उघडलं की बहुतेक गर्दी छोट्या जंगल ट्रेनकडे पळते आणि थेट गार्गांता देल दियाब्लोला जाते, म्हणजे सैतानाचा घसा म्हणतात त्या सगळ्यात मोठ्या धारेकडे. आमच्या गाईडने आम्हाला उलट नेलं. ती मिसिओनेस प्रांतातलीच, गळ्यात दुर्बीण, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात माते, म्हणजे तिकडचं ते कडू हिरवं पेय, जे तिथे लोक दिवसभर पितात. त्या मातेचं झाड याच जंगलातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. ती म्हणाली आधी खालची वाट, मग वरची, आणि घसा सगळ्यात शेवटी, कारण तो आधी बघितला की बाकीच्या धारांकडे कुणी मान वर करून बघत नाही. हे मला शंभर टक्के पटलं आणि जो कोणी जाणार असेल त्याला मी हाच क्रम सांगते.

गेटपासून पहिला टप्पा सेंदेरो व्हेर्दे, हिरवी वाट. सहाशे-साडेसहाशे मीटरच आहे, पण आम्हाला तिथे भरपूर वेळ लागला आणि लागायलाच हवा. आधी तिने जमीन दाखवली. लालभडक माती, बुटांना चिकटणारी, महाबळेश्वरला किंवा कोकणात वाढलेल्या माणसाला अजिबात परकी न वाटणारी. आणि कारणही तसंच आहे मंडळी, खाली खडक बेसाल्टचा, आपला काळा कातळ तोच. आपल्या दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला त्याच्या जवळजवळ दुप्पट जुना, तेरा कोटी वर्षांच्या आसपासचा, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकांपासून फाटत होत्या तेव्हाचा. त्याच लाव्हाचा दुसरा भाग आज समुद्रापलीकडे नामिबियात आहे. लाव्हा एकावर एक थरांनी पसरला, थर सगळे सारखे कडक नाहीत, म्हणून पाणी खालचा नरम भाग पोखरतं, वरचा थर तुटून पडतो आणि कडा मागे सरकतो. पुढे खालच्या वाटेवर धारा दोन पायऱ्यांत पडताना दिसल्या ना, तेव्हा ते थर डोळ्यांना दिसले. धबधबा आज जिथे आहे तिथून वीसेक किलोमीटर खाली पाराना नदीचा संगम आहे, आणि तिथपासून तो असा मागे मागे येत इथे पोचलाय.

आणि इग्वासू नदीचं वळण बघा. ही उगम पावते ब्राझीलमध्ये कुरितीबा शहराजवळ, अटलांटिक समुद्र तिथून अगदी जवळ, पण मध्ये डोंगररांग आडवी म्हणून ती समुद्राकडे पाठ करून पश्चिमेला देशात आत शिरते आणि हजार-बाराशे किलोमीटरपेक्षा जास्त वाहते. आपली कृष्णा काय करते? उगम महाबळेश्वरला, अरबी समुद्र पलीकडेच, आणि वाहते मात्र पूर्वेला आंध्रात. गाईडला मी हे सांगितलं तर तिने वहीत लिहून घेतलं, मला फार आनंद झाला त्याचा.

मग झाडं. तिने एक ताड दाखवला, पाल्मितो, बारीक सरळ खोड, वर पिसारा, आपल्या पोफळीची आठवण येईल असा. याच्या शेंड्यातला कोवळा गाभा लोक खातात, पण गाभा काढला की झाड मेलं, दुसरं खोड फुटत नाही. त्यामुळे जंगलाबाहेर हे ताड खूप तोडले गेले आणि पार्कातसुद्धा चोरून तोडायला येतात. याची फळं पक्षी खातात, टूकान खातात, म्हणजे एक झाड पडलं की किती जणांचं जेवण जातं ते तिने एकेक पक्षी सांगून समजावलं. तिच्या आवाजात राग होता, तो मला आवडला. हे जंगल म्हणजे अटलांटिक जंगलाचा आतल्या भागातला राहिलेला मोठा तुकडा. पूर्वी ते ब्राझीलच्या किनाऱ्यापासून पार पॅराग्वेपर्यंत होतं, आता फार थोडं उरलंय. विमान उतरताना खिडकीतून बघा, हिरवा गालिचा एकदम संपतो आणि पलीकडे सोयाबीन आणि मक्याची शेतं सुरू होतात, मधली रेघ अगदी सरळ. नदीचं पाणी पाऊस झाल्यावर तांबूस का होतं त्याचं उत्तर तिथेच आहे, वरच्या शेतांतली माती वाहून येते.

फुलपाखरांचं सांगितलंच पाहिजे. खालच्या वाटेवर एका वळणावर थांबलो होतो, घामाघूम, कारण हवा प्रचंड दमट, आणि माझ्या मनगटावर एक लहानसं फुलपाखरू येऊन बसलं. पंख मिटलेले, पांढऱ्यावर काळ्या रेघा आणि मधोमध चक्क इंग्रजी आकडा, ८८, कुणी पेनाने काढावा इतका स्पष्ट. तिथे त्याला अठ्ठ्याऐंशीच म्हणतात. ते सोंड बाहेर काढून माझ्या घामातलं मीठ ओढत होतं, बारीकशी गुदगुली होते, आणि हात हलवला तरी जात नव्हतं. गाईड म्हणाली हलू नका, त्याला जंगलात मीठ फारसं मिळत नाही, तुमच्याकडून मिळतंय तर घेऊ द्या. आमच्या ग्रुपमधल्या नाशिकच्या एक काकू तर दोन्ही हात पुढे करून उभ्याच राहिल्या, आणि त्यांच्या हातावर तीन-चार जमली.

खालच्या वाटेला पायऱ्या आहेत, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे लक्षात घ्या. वरची वाट आणि घशाकडची वाट मात्र सपाट आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते. पायाखाली लोखंडी जाळी असते, भरीव फरशी नाही, म्हणजे खाली ऊन पोचतं, पाणी पोचतं, झाडं वाढतात. जाळीतून खाली बघितलं तर ओल्या कातळाला घट्ट चिकटलेल्या बुटक्या वनस्पती दिसतात, मॉससारख्या वाटतात पण फुलं येणाऱ्या असतात, वाहत्या पाण्यातच जगणाऱ्या. याच कुळातल्या वनस्पती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या खडकांवर पण आहेत, पाणी ओसरलं की त्यांना बारीक फुलं येतात. पुढच्या वेळी भटकायला जाल तेव्हा ओढ्यातल्या कातळाकडे वाकून बघा.

कोआतींबद्दल थोडक्यात. लांब नाकाचा, रिंगांच्या शेपटीचा प्राणी, कळपाने फिरतो, फार गोंडस दिसतो, आणि तुमच्या हातातली पिशवी ओढून घेतो. चावतो पण. खायला देऊ नका, उघड्यावर खाऊ नका, बस.

वरच्या वाटेवर तुम्ही कड्याच्या माथ्यावर असता, पाणी पायाखालून जातं आणि समोर गायब होतं. इथे गाईडने दुर्बीण काढली आणि सांगितलं की धारेकडे बघू नका, धारेच्या मागच्या काळ्या कातळाकडे बघा. बघितलं तर कातळावर काळपट ठिपके, शेकडो, चिकटून बसलेले, आणि मग त्यातला एक ठिपका सुटला आणि सरळ पडत्या पाण्यातून आरपार बाहेर आला. पाकोळ्यांच्या जातीचे पक्षी आहेत हे, तिकडे वेन्सेखो म्हणतात, त्या पार्कचं चिन्हच आहे हा पक्षी. पाण्याच्या पडद्याच्या मागे आणि बाजूला ओल्या कातळावर राहतात, तिथेच घरटं करतात, कारण तिथे त्यांच्या पिल्लांपर्यंत पोचणं दुसऱ्या कुणाला फार अवघड. एवढं टनावारी पाणी कोसळतंय आणि मूठभर वजनाचाही नसलेला पक्षी त्यातून ये-जा करतोय. मी किती वेळ बघत होते कोण जाणे, आणि खरं सांगते, गाईड नसती तर मला ते ठिपके म्हणजे शेवाळ वाटलं असतं.

आता घसा. तिथे जायला ट्रेन, आणि मग नदीवरून साधारण ११०० मीटरचा पूल, बेटाबेटांवरून जाणारा. हा पूल मला फार आवडला, कारण नदी इथे एकदम शांत आहे, उथळ, पसरलेली, कासवं ऊन खात बसलेली, आणि पुढे काय आहे याचा काही पत्ता लागत नाही. वाटेत पाण्यात मोडके खांब दिसतात, ते जुन्या पुलाचे. सरासरीने इथे सेकंदाला दीड हजार घनमीटर पाणी वाहतं, म्हणजे १५ लाख लिटर. जून २०१४ च्या पुरात ते ४६ हजार घनमीटरच्या आसपास गेलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये २४ हजारच्या आसपास. अशा पुरात पूल तुटतात, वाट बंद होते, परत बांधतात. त्यातून शिकून आता कठडे आडवे पाडता येतील असे केलेत, म्हणजे वाहून येणारी झाडं त्यात अडकून सगळा पूल ओढून नेत नाहीत. याच्या उलट दुष्काळात धारा नुसत्या रेघा उरतात. वर ब्राझीलमध्ये नदीवर वीजनिर्मितीची धरणं आहेत, त्यांचाही पाण्यावर परिणाम होतो. म्हणून जायच्या आदल्या दिवशी पाणी किती आहे आणि घशाची वाट उघडी आहे का, हे विचारून घ्या.

टोकाला पोचलं की नदी तीन बाजूंनी एकाच खोबणीत कोसळते. तळ दिसत नाही, नुसते तुषार वर येतात. बोललेलं ऐकू येत नाही. गाईड तिथे एक शब्द बोलली नाही, आम्हाला कठड्यापाशी नेऊन बाजूला झाली, आणि हे तिचं शहाणपण. सगळं सांगायचं ते तिने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिथे पोचल्यावर आम्हाला कडा का तुटतो ते माहीत होतं, पाणी तांबूस का ते माहीत होतं, आणि त्या तुषारांत फिरणारे पक्षी रात्री कुठे बसतात तेही माहीत होतं.

एक गोष्ट परतीच्या वाटेवर तिने सांगितली. पुस्तकांत लिहितात की १५४२ च्या सुमाराला काबेसा दे व्हाका नावाच्या स्पॅनिश माणसाने हा धबधबा शोधला. तो ब्राझीलच्या किनाऱ्यावरून आसुन्सिओनला, म्हणजे आजच्या पॅराग्वेच्या राजधानीला, पायी निघाला होता आणि त्याला वाट दाखवत होते ग्वारानी लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी. म्हणजे ज्यांनी दाखवला त्यांना तो आधीच माहीत होता, त्यांच्याकडे त्याची गोष्ट होती, म्बोई नावाच्या सर्पदेवाची, ज्याने नाइपी आणि तारोबा हे प्रेमी पळून जाताना रागाने नदी चिरली. ग्वारानी लोक आजही या भागात राहतात, पार्कातसुद्धा लाकडी प्राणी, टोपल्या विकायला बसतात. त्यांच्याकडून घ्या काहीतरी, भाव न करता घ्या.

ही जागा वाचली तीही आपोआप नाही. ब्राझीलच्या बाजूची जमीन एका खासगी मालकाची होती. १९१६ मध्ये विमानविद्येतले प्रसिद्ध सान्तोस दुमोन तिथे आले, त्यांना हे समजलं, आणि ते तसेच कुरितीबाला जाऊन राज्याच्या प्रमुखाला भेटले, त्याच वर्षी राज्य सरकारने ती जमीन सार्वजनिक उपयोगाची म्हणून जाहीर केली. अर्जेंटिनाचं राष्ट्रीय उद्यान १९३४ चं, ब्राझीलचं १९३९ चं, आणि दोन्ही आज जागतिक वारसा आहेत.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. निदान दोन दिवस ठेवा, एक पूर्ण दिवस अर्जेंटिनाच्या बाजूला चालायला आणि अर्धा दिवस ब्राझीलच्या बाजूला. तिकडची वाट सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे, आणि समोरून सगळा कडा एकदम दिसतो. सकाळी लवकर निघा. छत्री नको, साधा रेनकोट आणि चांगली पकड असलेले बूट. मोबाईलला प्लास्टिकची पिशवी. वेळ असेल आणि तब्येत साथ देत असेल तर माकुको नावाची मातीची वाट करा, जाऊन-येऊन ७ किलोमीटर, शेवटी एक छोटा धबधबा, आणि गर्दी फार कमी. त्या वाटेवर बोलू नका, माकडं आणि पक्षी तरच दिसतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पीतज्वराची म्हणजे यलो फीव्हरची लस. ब्राझील किंवा अर्जेंटिनाहून भारतात परत येताना तिचं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती फक्त ठरावीक केंद्रांवरच मिळते, त्यामुळे तिकीट काढलं की त्याच आठवड्यात तिची अपॉइंटमेंट घ्या. ते पिवळं कार्ड पासपोर्टच्याच पाऊचमध्ये ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. नमस्कार मंडळी.