स्पीगेलग्रुंडची मुलं आणि डॉक्टर ग्रोस यांचं संशोधन

मित्रहो, नाझी काळातले डॉक्टर म्हटलं की आपल्याला आउश्वित्झ छळछावणीतला मेंगेले आठवतो. तो पळून गेला, मरेपर्यंत लपून राहिला. मला आज बोलायचंय ते कधीच लपावं न लागलेल्या एका डॉक्टरबद्दल: व्हिएन्नाचे हाइनरिश ग्रोस.

व्हिएन्नातल्या श्टाइनहोफ मनोरुग्णालयाच्या आवारात १९४० साली 'आम स्पीगेलग्रुंड' ही मुलांची संस्था सुरू झाली. अपंग, फिट्स येणारी, बौद्धिक वाढ खुंटलेली आणि नुसती 'वाया गेलेली' ठरवलेली मुलंसुद्धा तिथे भरती व्हायची. डॉक्टर मूल तपासायचे, कोणत्या मुलाला मारायचं हे ठरवणाऱ्या बर्लिनच्या समितीला अहवाल धाडायचे. तिकडून मंजुरी आली की मुलाच्या खाण्यात ल्युमिनल मिसळलं जाई. ल्युमिनल म्हणजे फेनोबार्बिटोन, फिट्ससाठी आपण लिहून देतो तेच औषध. मूल सुस्त पडतं, श्वास उथळ होतो, छातीत कफ साचतो, न्यूमोनिया होतो. कागदावर मृत्यूचं कारण न्यूमोनिया लागायचं. १९४५ पर्यंत तिथे ७८९ मुलं दगावली. त्यांतल्या शेकडो मुलांचे मेंदू काढून फॉर्मालिनच्या बरण्यांत ठेवले गेले.

युद्ध संपलं. संस्थेचे प्रमुख इलिंग १९४६ साली फासावर गेले. तिथेच डॉक्टर असलेल्या ग्रोस यांना १९५० मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, पण वरच्या कोर्टात ती तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली आणि खटला बारगळला. काही वर्षांत ग्रोस श्टाइनहोफला परतले. बरण्या तिथेच होत्या. त्यांनी त्या मेंदूंचे काप घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि जन्मजात विकृतींवर वर्षानुवर्षं शोधनिबंध छापले. १९६८ साली त्यांना लुडविग बोल्ट्समान या ऑस्ट्रियातल्या संशोधन संस्थेची स्वतंत्र शाखा मिळाली, १९७५ साली सरकारचा विज्ञान आणि कलेसाठीचा सन्मान.

मला राग येतो तो इथे. या निबंधांना सहलेखक होते, ते तपासणारे संपादक होते, ते वाचणारे प्राध्यापक होते. इतक्या दुर्मीळ विकृतींचे, इतक्या कोवळ्या वयाचे मेंदू एकाच रुग्णालयात, त्याच चारपाच वर्षांत कसे काय जमले, हे विचारायला इतिहासकार लागत नाही. पॅथॉलॉजीचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंटही विचारेल. अशाच मारलेल्या रुग्णांचे मेंदू अभ्यासणारे बर्लिनचे संशोधक हालरफोर्डन यांनी १९४५ साली अमेरिकन तपासनीस लिओ अलेक्झांडर यांना सरळ सांगितलं होतं की, मेंदू कुठून आले हा माझा विषय नव्हता. व्हिएन्नात तेच कुणी बोलून दाखवलं नाही, एवढाच फरक.

'मुलं तर गेलीच होती, मेंदू वाया का घालवायचे?' हा युक्तिवाद तुम्ही अजूनही ऐकाल. त्यावर मी इर्मा श्पेर्लिंगचं नाव घेतो. हॅम्बुर्गच्या एका आश्रमातून १९४३ साली या मुलीला व्हिएन्नाला नेलं, १९४४ च्या जानेवारीत ती मेली. तिची बहीण आंत्ये कोझेमुंड पुढे तिच्या शोधात पत्रांवर पत्रं लिहीत राहिली आणि इर्माचा मेंदू अजून बरणीत आहे, हे तिला कळलं. १९९६ मध्ये हॅम्बुर्गला दफन झालं. बहिणीच्या हाती काही लागायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. तोवर संशोधकांना तो साठा हाताशीच होता.

ग्रोस कोर्टात मनोविकारतज्ज्ञ म्हणूनही साक्ष देत. १९७५ साली चोरीच्या एका कैद्याला तपासायला ते तुरुंगात गेले. कैदी होता फ्रीडरिश झावरेल, लहानपणी स्पीगेलग्रुंडमध्ये छळ सोसलेला. त्याने डॉक्टरांना ओळखलं आणि तोंडावर सांगितलं. ग्रोस यांनी त्याच्याविरुद्ध अहवाल दिला, तोही नाझी काळातल्या जुन्या फाइलचा आधार घेऊन! वेर्नर फोग्ट या डॉक्टरने पुढे जाहीर आरोप केला, तेव्हा ग्रोस यांनी त्याच्यावरच बदनामीचा दावा लावला. १९८१ मध्ये ते तो हरले. मुलांच्या हत्यांत ग्रोस यांचा हात होता, असं कोर्टाने म्हटलं. तरीही सरकारी वकील हलले नाहीत, आणि कोर्ट ग्रोस यांना तज्ज्ञ म्हणून बोलावतच राहिलं.

खटला उभा राहिला तो २००० च्या मार्चमध्ये. स्मृतिभ्रंशाच्या कारणावरून तो पहिल्याच दिवशी थांबला. त्याच दिवशी ग्रोस कॅफेत बसून पत्रकारांशी नीट बोलत होते. सरकारी सन्मान २००३ साली काढून घेतला गेला. २००५ मध्ये ग्रोस वारले, शिक्षा न होता. झावरेल मात्र म्हातारपणीही शाळाशाळांतून जाऊन मुलांना हे सगळं सांगत राहिले.