‘पास आउट’ झालात म्हणजे नक्की काय झालात?

नोकरीच्या जाहिरातींत ‘२०२४ पासआउट’ असं आपण सर्रास वाचतो. त्या वर्षी पदवी घेतलेली मुलं, एवढाच त्याचा अर्थ. पण अमेरिकेत ‘आय पास्ड आउट’ म्हटलंत, तर समोरचा पाणी आणायला धावेल. तिकडे त्याचा अर्थ, माझी शुद्ध हरपली.

मग आपलं चुकलं का? मला तसं वाटत नाही. ब्रिटिश इंग्रजीत लष्कराचं किंवा पोलिसांचं प्रशिक्षण पुरं करण्याला आजही पास आउट होणं म्हणतात. आपल्या खडकवासल्याला एनडीएत होते ती पासिंग आउट परेड, वर्तमानपत्रांच्या मराठीत दीक्षान्त संचलन. मे २०२५ मध्ये तिथून मुलींची पहिली तुकडी, १७ जणी, पास आउट झाली. ही बातमी वाचून लंडनचा माणूस दचकणार नाही. तो दचकेल ‘बीकॉम पासआउट’ वाचून, कारण परेडचा शब्द आपण थेट कॉलेजात नेऊन बसवला. आणि बसला का, तर ‘पास होणं’ मराठीत आधीच मुरलेलं होतं, ‘कॉलेजातून बाहेर पडलो’ हेही आपण म्हणतच होतो. दोन्ही आयते जुळले.

खरी गंमत त्या ‘आउट’मध्ये आहे. प्रहार, आहार, संहार, विहार हे आपण शाळेत घोकलंय. धातू एकच, उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे. इंग्रजीत हे काम क्रियापदाच्या मागून येणारा चिमुकला शब्द करतो. परेडमधला ‘आउट’ म्हणजे बाहेर. शुद्ध हरपण्यातला ‘आउट’ निराळा. ‘द लाइट वेंट आउट’ म्हणजे दिवा विझला, त्यातला तो. ‘नॉक आउट’मध्येही तोच. तिसरा ‘आउट’ वाटपाचा: ‘पास आउट द पेपर्स’, म्हणजे पेपर वाटा. या तिसऱ्या अर्थाला कर्म लागतं, म्हणून तो मधोमध फोडताही येतो: ‘पास द पेपर्स आउट’. सर्वनाम असेल तर फोडावाच लागतो. ‘पास देम आउट’ बरोबर, ‘पास आउट देम’ चूक. शुद्ध हरपण्याला कर्मच नाही, तेव्हा तिथे फोडाफोडीचा प्रश्नच येत नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत या क्रियापदांच्या लांबच लांब याद्या असतात. त्या पाठ करण्यापेक्षा हा ‘आउट’ कुठला, एवढं विचारलंत तरी बरंच काम भागेल.

आता व्यवहाराचं. परदेशी पाठवायच्या बायोडेटात ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. इथल्या कंपनीला ‘पासआउट’ बिनधास्त चालेल. मात्र तिकडच्या इस्पितळात, डोक्याला मार लागलेला असताना डॉक्टरांनी ‘डिड यू पास आउट?’ विचारलं, तर कॉलेजचं वर्ष सांगू नका. शुद्ध गेली होती का, आणि गेली असेल तर साधारण किती वेळ, हेच त्यांना हवं असतं.